वारस नोंद, बार्शीचे वकीलसाहेब आणि आजीचं नाव

बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची होती. शेत बार्शी तालुक्यातलं, चार एकर, बाबांनी साखर कारखान्यातली नोकरी करता करता स्वतःच्या पैशाने खरेदी केलेलं. घरात भांडण नव्हतं. मग वकिलाकडे जायचं काय कारण, असं दादाचं म्हणणं होतं. मृत्यूचा दाखला जोडायचा, अर्ज द्यायचा, सगळं गाव असंच करतं.

अर्ज लिहितानाच पहिला खडा लागला. तलाठ्यांच्या हाताखाली लिखापढी करणाऱ्या माणसाने वारसांच्या रकान्यात आई, दादा आणि मी एवढीच नावं घातली. वर सल्ला दिला, "बहिणीचं हक्कसोड पाचशेच्या स्टँपवर लिहून आणा, एका फेरात काम उरकतं." आजीचा, म्हणजे बाबांच्या आईचा, तर त्याने विषयच काढला नाही. लातूरला दिलेल्या ताईला फोन लावला तर ती म्हणाली, "कुठं सही करायची तेवढं सांग." कुणाचीच ना नव्हती, पण मला ते पटेना. मी पुण्यात नोकरी करतो. कागद एकदा चुकला की दुरुस्तीला किती खेटे पडतात ते रोज बघतो. म्हणून दादाला कसंबसं तयार करून बार्शीच्या एका वकिलांकडे गेलो.

कोर्ट सुटल्यावर ते आपल्या ऑफिसात बसतात. वरच्या मजल्यावर एक खोली, जाड पुस्तकांचं कपाट, भिंतीवर कालनिर्णय, आणि दोन लाकडी बाकडी. वेळ घेऊन जायची पद्धत नाही. जो आधी आला तो आधी, बाकीच्यांनी बसून ऐकायचं. एकाच्या घरची गोष्ट दहाजणांना कळते हे मला सुरुवातीला खटकलं. पण आमचा नंबर येईपर्यंत जे कानावर पडलं त्याने माझी निम्मी शिकवणी झाली.

आमच्या आधी वैरागकडचे एक गृहस्थ होते. जमीन वडिलोपार्जित, वडील २००३ साली गेलेले, बहिणीचं लग्न १९९१ सालचं. त्यांचं म्हणणं, बहिणीला हक्क पोचतच नाही, कारण लग्न १९९४ च्या आधीचं. वकीलसाहेबांनी रद्दीतला एक कागद ओढला. कोर्टाच्या रोजच्या कामांच्या याद्या असतात ना, त्यांच्या कोऱ्या पाठी ते जपून ठेवतात. त्यावर त्यांनी वंशावळ काढली. जिवंत माणसाला गोल, गेलेल्याला फुली.

"तुम्ही म्हणता तो नियम खोटा नाही," ते म्हणाले. "महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क दिला, पण २२ जूनच्या आधी लग्न झालेल्यांना वगळलं. पुढे ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली, तिच्यात लग्नाची अट नाही."

"पण वडील तर २००३ लाच गेले."

"त्याचा निकाल सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला लावून टाकला. मुलीचा हक्क जन्माने. २००५ साली बाप हयात असलाच पाहिजे असं नाही. तुमची वाटणी २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर झालीय का?"

"तोंडी झालीय."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. बाकड्यावरच्या सगळ्यांना उत्तर कळलं. त्या गृहस्थांनाही कळलं असावं, कारण त्यांनी फी किती ते विचारलं आणि उठले.

आमची पाळी आली तेव्हा दादाने सरळ हक्कसोडाचा मसुदा मागितला. त्याऐवजी आमची वंशावळ निघाली. बाबांवर फुली. खाली आई, दादा, ताई, मी. मग पेन फुलीच्या वर गेलं. "यांच्या आई?"

"आहेत. ऐंशीच्या पुढं आहेत."

"मग त्यांना कुठं ठेवलंत?" आणि त्यांनी फुलीच्या डोक्यावर मोठा गोल काढला.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर बायको, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. प्रत्येकाचा वाटा सारखा. आमच्याकडे असे पाच. म्हणजे आजीचाही एक पंचमांश. वडील हयात असते तर ते या वर्गात आले नसते, आई मात्र येते. माझ्या ओळखीतल्या शिकल्यासवरल्या माणसांनाही हे ठाऊक नव्हतं, मी नंतर विचारून पाहिलं.

दादा वैतागला. नव्वदीकडे झुकलेल्या म्हातारीचं नाव लावायचं आणि चार वर्षांनी पुन्हा काढायचं, हा उपद्व्याप कशाला? वकीलसाहेबांनी त्याला गप्प केलं नाही, उलट त्याच्या म्हणण्यातला खरा धोका आधी त्यांनीच सांगितला. आजी मृत्युपत्र न करता गेल्या तर त्यांचा पंचमांश त्यांच्या मुलामुलींत जाणार. म्हणजे चुलते, दोन्ही आत्या आणि बाबांच्या वाट्याला आम्ही तिघं भावंडं. चार फांद्या, प्रत्येकीला विसावा हिस्सा. त्यात आईला काही नाही, कारण सासूच्या वारसांत आधी गेलेल्या मुलाची बायको धरत नाहीत. "तुम्हाला हे नको असेल तर आजींना मृत्युपत्र करायला सांगू शकता. दोन साक्षीदार लागतात, स्टँप लागत नाही, रजिस्टर करायची सक्ती नाही. पण ते त्यांच्या मनावर. नाव गाळणं हा त्यावरचा उपाय नव्हे. वारस लपवून प्रतिज्ञापत्र केलंत तर खोटं प्रतिज्ञापत्र म्हणून तुम्हीच अडकाल."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात उपयोगी वाटलं. आपण दोन कामं एकात कालवत होतो. वारस कोण, हे कायदा ठरवतो, आणि बाबा गेले त्याच क्षणी जमीन पाचजणांची झाली. सातबाऱ्यावरची नोंद ही त्याची सरकारी दप्तरातली दखल. नोंद उशिरा झाली म्हणून हक्क उशिरा येत नाही, आणि नोंद राहिली म्हणून बुडत नाही. महसुली नोंद खरी धरून चालतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. आणि कुणाला हक्क सोडायचा असेल तर तो वेगळा दस्त, दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे रजिस्ट्री कचेरीत नोंदवलेला. तलाठ्याला दिलेल्या स्टँपपेपरवरच्या चार ओळींनी जमिनीतला हक्क सुटत नाही. उद्या ताईच्या मुलांनी हिस्सा मागितला आणि आम्ही तो कागद कोर्टात दाखवला तर हसण्यावारी जाईल.

"आधी पाचही नावं लावा. हक्कसोड करायचं की नाही ते नंतर, आणि ताई स्वतः येऊन सांगतील तेव्हा."

स्टँपवरूनही एक गंमत झाली. प्रतिज्ञापत्र टाइप करणाऱ्याने पाचशेचा स्टँप आणायला सांगितलं. वकीलसाहेबांनी कोरा कागद पुढे केला. सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक माफ आहे. तरी लोक आणतात, कारण मागणारा मागतो. आमचंही साध्या कागदावरचं बघून कागद घेणाऱ्याने भुवया उंचावल्या, पण घेतलं.

अर्ज आम्ही ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून भरला. सोबत मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची आधारकार्डं, रेशनकार्ड. कायद्याने वारसाहक्काची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. आमची वेळेत होती. ऑनलाइन अर्ज असला तरी मूळ कागद घेऊन जावंच लागलं. तलाठ्यांचा हुद्दा आता ग्राम महसूल अधिकारी झालाय, गावात मात्र अजून भाऊसाहेबच. भाऊसाहेब माणूस बरा निघाला. पाच नावं बघून एवढंच म्हणाले, "वकील केलाय वाटतं."

पुढचा रस्ता असा: आधी वारसांची चौकशी आणि गाव नमुना सहा-क ला नोंद, म्हणजे वारस रजिस्टर. ते मंजूर झालं की फेरफार, म्हणजे नमुना सहा मधली हक्कबदलाची नोंद. मग सगळ्यांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्यांची सही. हरकत आली तर तक्रारी प्रकरण होऊन सुनावणी लागते. नोटीस चावडीवर लागली त्या आठवड्यात चुलते आमच्याकडे जरा जास्तच फिरकले. हरकत मात्र घेतली नाही. घेणार तरी कशावर? आजीचं नाव होतंच की.

आजीला मधे एकदा बार्शीला नेलं होतं. तिला जिना चढवेना म्हणून वकीलसाहेब खाली रिक्षापाशी आले. काळा कोट हातावर, वाकून, रिक्षाच्या दांडीला धरून तिच्या कानाशी मोठ्याने बोलले. "आजी, लेकाच्या जमिनीत तुमचा हिस्सा आहे. नाव लावायचं का?"

आजी म्हणाली, "लेकाचं काढलं न्हवं? मग माजं लागू द्या की."

मृत्युपत्राचं विचारलं तर तिने हात हलवून तो विषय उडवून लावला. दादाने मागच्या सीटवरून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, वकीलसाहेबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

ताई रक्षाबंधनाला आली तेव्हा हक्कसोडाचा विषय पुन्हा निघाला. तिला घेऊन गेलो. वकीलसाहेबांनी आम्हा दोघा भावांना चहा प्यायला खाली पाठवलं. दादाला ते फार लागलं. "आमची बहीण, आमच्यासमोर बोलायला काय झालं?" मला विचाराल तर त्या माणसाने केलेलं हेच सगळ्यात मोठं काम. आत काय झालं ते ताईने नंतर सांगितलं. हक्कसोड केलं की परत फिरता येत नाही, उद्या शेतातून एखादा महामार्ग गेला आणि मोबदला आला तर त्यात तुमचं काही राहणार नाही, हे चालेल का, एवढंच त्यांनी विचारलं. आणि भाऊ बोलवायचे थांबतील या भीतीने सही करताय का, असंही.

बाहेर येऊन ती म्हणाली, "आत्ता नको दादा. नाव राहू दे. पीक तूच घे." दादा बार्शीपासून गावापर्यंत एक शब्द बोलला नाही.

जाता जाता बाकीचे दोन प्रश्नही त्यांनी त्याच पाठकोऱ्या कागदावर सोडवले. पतसंस्थेतल्या ठेवीला दादा नॉमिनी होता. त्याची समजूत अशी की पैसे त्याचे. नॉमिनी म्हणजे संस्थेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे तो माणूस, मालकी वारसांचीच. विम्याबाबत सुप्रीम कोर्टाने १९८३ सालीच असं सांगितलं होतं. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर नवरा-बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते, पण ठेवीला तो नियम नाही. दादाने पुढे ती ठेव मोडून आईच्या नावावर टाकली, न सांगता. हेही लिहायला हवं.

दुसरं, विकास सोसायटीचं पीककर्ज. त्याचा बोजा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात होता, तो तसाच नव्या सातबाऱ्यावर आला. आईला धास्ती, की माझ्या पगारातून कापतील. बाबांकडून जे मिळालं त्याच्यापुरतीच वारसांची जबाबदारी. पगाराला हात लागत नाही. मी जामीन नव्हतो, तेवढं त्यांनी आधी विचारून घेतलं.

फी त्यांनी माफक घेतली, पण उशीर फार केला. प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यासाठी मला पुण्याहून रजा टाकून यावं लागलं आणि त्या दिवशी ते सोलापूरला होते. फोनवर ते काहीच सांगत नाहीत. "कागद बघितल्याशिवाय बोलत नाही," हे एकच वाक्य. घाई असलेल्या माणसाने त्यांच्याकडे जाऊ नये.

सातबारा आला. पाच नावं. आजीचं पहिलं.

त्याचा त्रासही सुरू झालाय. दादाला पीककर्ज नवंजुनं करायचं तर सोसायटी पाचही खातेदारांच्या सह्या मागते, आणि आजीचा अंगठा घ्यायला सचिवांना घरी आणावं लागतं. मी दादाच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं, ताईने दिलं नाही, ती लातूरहून स्वतः येते. दादा आता जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप करून मागायचं म्हणतोय. त्याला पाचहीजणांची संमती लागते, हे त्याला बाकड्यावर बसल्या बसल्याच कळलं होतं. त्यासाठी तो परवा आजीला भेटायला पेढे घेऊन गेला होता.