तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षणावर सर्वाधिक खर्च कोणता देश करतो?

शिक्षणाच्या अर्थकारणावर लिहीत आणि बोलत असल्यामुळे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. शिक्षणावरील सरकारी खर्चात जगात पहिला देश कोणता, आणि भारत कितवा? विचारणाऱ्यांची तळमळ खरी असते, म्हणूनच एखादा आकडा सांगून त्यांची बोळवण करणे मला योग्य वाटत नाही. जीडीपीच्या टक्केवारीवरून देशांची क्रमवारी लावता येते हे खरे, परंतु एखाद्या देशातील मुलाच्या वाट्याला प्रत्यक्षात किती आले, हे त्या क्रमवारीतून कळत नाही. आणि माझ्या मते विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे.

टक्केवारी हा भागाकार असल्यामुळे छेद बदलला की उत्तर बदलते. २०१५ मध्ये आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा आयर्लंडमधील उपकंपन्यांच्या नावावर केली आणि तिच्यावरील उत्पन्न त्या देशाच्या हिशेबात धरले जाऊ लागले, हे त्याचे मुख्य कारण. त्या वर्षी शाळा, शिक्षक आणि विद्यार्थी होते तेवढेच राहिले, तरी जीडीपीतील शिक्षणाचा वाटा मात्र घसरला. हा फुगवटा इतका दिशाभूल करणारा होता, की तेथील सांख्यिकी कार्यालयाला राष्ट्रीय उत्पन्नाचे वेगळे, सुधारित मापन तयार करावे लागले. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या तक्त्यात आयर्लंड आजही तळाच्या देशांत दिसतो, आणि तो तक्ता वाचणाऱ्याला यामागची हकिकत सहसा ठाऊक नसते.

छेदाइतकीच मुलांची संख्याही महत्त्वाची आहे. पश्चिम आफ्रिकेतील नायजर या देशाच्या लोकसंख्येत पंधरा वर्षांखालील मुले जवळपास निम्मी आहेत, तर जपानमध्ये त्यांचे प्रमाण आठव्या हिश्श्याहूनही कमी आहे. दोन्ही देशांनी जीडीपीच्या ४ टक्के रक्कम केवळ या मुलांवर खर्च केली असे धरले, तर जपानमध्ये दर मुलामागे त्या देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या सुमारे एक-तृतीयांश रक्कम येईल आणि नायजरमध्ये जेमतेम बारावा हिस्सा. त्यात पुन्हा जपानचे दरडोई उत्पन्न कितीतरी पटींनी मोठे आहे. २०१५ मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे जागतिक शिक्षण परिषदेत संमत झालेल्या जाहीरनाम्याने सरकारांनी जीडीपीच्या किमान ४ ते ६ टक्के किंवा एकूण सरकारी खर्चाच्या १५ ते २० टक्के रक्कम शिक्षणाला द्यावी अशी अपेक्षा ठेवली. ती पूर्ण केल्यावरही नायजरमधील मुलाच्या हाती फारसे काही पडत नाही.

या टप्प्यावर कोणीतरी हमखास सिंगापूरचे नाव काढते. सिंगापूरचा शिक्षणखर्च जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या आतबाहेर असतो आणि तरीही २०२२ च्या पिसा या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तेथील विद्यार्थी गणित, वाचन आणि विज्ञान या तिन्हींत पहिले आले. तेव्हा पैशाने काही होत नाही, असा निष्कर्ष काढला जातो. मला तो साफ चुकीचा वाटतो. एवढ्या श्रीमंत आणि कमी मुले असलेल्या देशात ३ टक्के म्हणजे दर विद्यार्थ्यामागे मोठी रक्कम होते, शिवाय पालक खासगी शिकवण्यांवर जो खर्च करतात तो सरकारी आकड्यात येतच नाही.

भारताच्या बाबतीत तर आधी कोणता आकडा घ्यायचा हेच ठरवावे लागते. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या आर्थिक पाहणी अहवालात केंद्र आणि राज्ये मिळून शिक्षणावरील खर्च जीडीपीच्या २.९ टक्के दिला आहे, तर जागतिक बँकेच्या तक्त्यात भारतासमोर ४ टक्क्यांहून अधिक दिसतात. शिक्षण खात्याखेरीज इतर खात्यांचा शिक्षण आणि प्रशिक्षणावरील खर्च धरला की आकडा वाढतो, न धरला की कमी होतो. अनेक लेखांत तर फक्त केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची तरतूद घेऊन तुलना केलेली असते, वास्तविक आपल्याकडे या खर्चाचा मोठा भार राज्ये उचलतात. जर्मनीतही तसेच आहे.

तरतूद झालेला पैसा शाळेपर्यंत पोहोचला का, याचे उत्तर कोणत्याही आंतरराष्ट्रीय तक्त्यात नसते. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात दर विद्यार्थ्यामागे शाळांना मिळणाऱ्या अनुदानाचा माग काढला गेला, तेव्हा केंद्र सरकारने दिलेल्या रकमेपैकी सरासरी १३ टक्केच शाळांच्या हाती पडल्याचे दिसून आले. उरलेली बहुतेक रक्कम जिल्हा पातळीवरच जिरली होती. त्यानंतर कोणत्या जिल्ह्याला किती अनुदान सुटले हे सरकार वर्तमानपत्रांतून छापू लागले, शाळांच्या दारावरही माहिती लागू लागली, आणि २००१ पर्यंत ८० टक्क्यांहून अधिक रक्कम पोहोचू लागली. ही वाढ एकट्या वर्तमानपत्रांमुळे झाली की नाही यावर अभ्यासकांत वाद आहे. पण त्या काळातला युगांडाचा सरकारी आकडा मुलांच्या अनुभवाशी जुळत नव्हता, यावर वाद नाही.

आपल्याकडे सतत उच्चारल्या जाणाऱ्या ६ टक्क्यांचा उगमही याच संदर्भात पाहायला हवा. देशाच्या शिक्षणव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने १९६६ मध्ये तो आकडा मांडला तो माणशी हिशेब करून. १९६५-६६ मध्ये दरडोई १२ रुपये असलेला शैक्षणिक खर्च १९८५-८६ पर्यंत स्थिर किमतींनुसार ५४ रुपयांवर जायला हवा, आणि त्यासाठी राष्ट्रीय उत्पन्नातील शिक्षणाचा वाटा २.९ वरून ६ टक्क्यांवर न्यावा लागेल, अशी त्याची मांडणी होती. पुढे १९६८ च्या आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणांनी ६ टक्के उचलले. ५४ रुपयांची आठवण मात्र क्वचितच कोणी काढते. म्हणून भारत कितवा असे विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो, की आपल्या राज्यात सरकारी शाळेतील एका विद्यार्थ्यामागे वर्षाला किती रुपये खर्च होतात, त्यांतले शिक्षकांच्या वेतनावर किती जातात आणि प्रत्यक्ष शाळेच्या हाती किती राहतात. हे तीन आकडे मिळाले, की दुसऱ्या कोणत्याही देशाशी तुलना करायला मी त्यांच्याबरोबर आनंदाने बसेन.