आमची वाटचाल : मिक्सरवरून मागच्या रांगेत

जत्रांमधली नाटकं, भजनाच्या स्पर्धा, लग्नं आणि चवथीचे कार्यक्रम, एवढ्यावर फोंड्यात आमचा साउंड-लाइटचा धंदा उभा राहिला. सुरुवातीचं भांडवल म्हणजे एक अहुजाचा ॲम्प्लिफायर, दोन कर्णे, चार माइक आणि मेहुण्याचा टेम्पो. केबल मीच ओढायची, मिक्सरवर मीच बसायचं आणि पडदा पडल्यावर मंडळाच्या खजिनदाराला शोधत मीच फिरायचं. 2004 पासून इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात भरू लागला, हॉटेलांतले सोहळे वाढले, तशी कामं आली आणि माणसंही. आज दोन टेम्पो आहेत, स्वतःचा जनरेटर आहे, कायमची आठ पोरं आहेत. 2020 सालाबद्दल काय लिहायचं? सामान पुसून ठेवलं आणि वाट बघितली.

माणसं वाढली तरी बरेच दिवस कंपनी म्हणजे मीच होतो. एका रात्री तीन ठिकाणी कामं असायची आणि गिऱ्हाईकं विचारायची, ‘पण तुम्ही स्वतः येणार ना?’ या प्रश्नाचं उत्तर मला धंदा शिकवणाऱ्या कुणाकडून मिळालं नाही. पणजीत एका परदेशी वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता, त्याच्या लाइटचं काम आमच्याकडे आलं, तिथे ते थोडंफार सापडलं.

सामान उतरवताना आमच्या पोराने विचारलं, ‘दादा, माइक खंय लावपाचे?’ एकही लावायचा नव्हता. साठेक वादक, आणि आवाज सगळा वाद्यांचाच. आम्हाला काम एवढंच, की वादकांपुढच्या सुरांच्या कागदावर सावली पडता कामा नये आणि डोळ्यांत उजेड जाता कामा नये. फोकस लावायच्या निमित्ताने अख्खी तालीम बघायला मिळाली.

पहिली गोष्ट कागदांची. वादकापुढे सहसा फक्त त्याच्या वाद्याचा कागद असतो: इथे वाजव, मग इतके बार (तालाचे ठरावीक मात्रांचे तुकडे) गप्प राहा, मग पुन्हा वाजव. सगळी वाद्यं एकाखाली एक लिहिलेलं जाडजूड बाड एकट्या कंडक्टरपुढे, म्हणजे समोर उभं राहून छडीने सगळ्यांना चालवणाऱ्या माणसापुढे. गोव्यात ही विद्या नवी नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांनी मुंबईच्या सिनेसंगीतात हेच केलं. संगीतकाराची चाल घ्यायची आणि कुठलं वाद्य कुठे वाजेल ते कागदावर उतरवायचं. गोन्साल्विसांनी तर 1958 मध्ये मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. तेव्हा गाणं सगळे मिळून एका दमात वाजवायचे. एक चुकला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. असं असल्यावर कागद चोख ठेवावाच लागतो.

आता आमच्याकडे प्रत्येक नाटकाचा एक मोठा तक्ता होतो. कुठल्या प्रवेशाला कुठला माइक उघडा, कुठल्या पदाला ऑर्गन वर घ्यायचा, लाइट कधी बदलायचा, सगळं एकाखाली एक. तो माझ्याकडे. पोरांना ज्याची त्याची चिठ्ठी. लाइटवाल्याला तबल्याच्या माइकशी काय करायचंय?

दुसरी गोष्ट छडीची. छडी खाली आली की सूर लागतो, हे लांबूनही कळतं. जवळून पाहिलं तेव्हा कळलं की काम त्याआधीच झालेलं असतं. छडी वर जाते, त्या उचलण्यातच लय किती आणि जोर किती ते वादकांना समजतं. फुंकवाद्यंवाले नेमका तेव्हाच श्वास भरतात. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये लुली नावाचा संगीतकार जाड दांडा जमिनीवर आपटून ताल द्यायचा. तो दांडा स्वतःच्याच पायावर बसला, जखम चिघळली आणि 1687 मध्ये तो गेला. आदळआपट करणाऱ्या मालकांना मी हा किस्सा आवडीने सांगतो.

तिसरी गोष्ट झांजवाल्याची. द्वोर्झाक या संगीतकाराच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीत, सुमारे चाळीस मिनिटांत, झांज एकदाच वाजते, तीही शेवटच्या भागात. तोवर तो माणूस मोजत बसतो. असा माणूस आमच्याकडेही आहे, जनरेटरवरचा. वीज गेली नाही तर रात्रभर त्याला कामच नाही. नांदीआधी मी आता त्याच्याकडे जातो, डिझेल बघतो, जनरेटर दोन मिनिटं चालवून बघतो आणि त्याच्या हातात चहा देतो. गेल्या हंगामात ऐन दुसऱ्या अंकात वीज गेली. गायक नटाने तान तोडलीसुद्धा नाही, देवळाच्या प्रांगणात आवाज पोचत होताच. तान संपायच्या आत चेंजओव्हर, म्हणजे जनरेटरवर नेणारा खटका, पडला होता.

सगळ्यात उपयोगी पडलं ते शेवटचं. मध्येच कंडक्टरने छडी मदतनिसाला दिली, वाजवत राहायला सांगितलं आणि खाली उतरून थेट मागच्या रांगेपर्यंत चालत गेला. त्याच्या चौथऱ्यावर जे ऐकू येतं ते प्रेक्षकाला येत नाही. व्हायोलिनं पायाशी, ट्रम्पेट दहा-बारा मीटर मागे, आणि आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास जातो. मैदानात 34 मीटर मागे स्पीकर लावला की त्याला सेकंदाचा दहावा भाग उशीर द्यावा लागतो, हे आम्ही रोज करतो. पण मालकाने त्या मागच्या स्पीकरखाली जाऊन बसावं, हे आमच्या धंद्यात कुणी करत नाही. मी करू लागलो. खेळ सुरू झाला की मिक्सर पोरांच्या ताब्यात आणि मी मागे, शेंगदाणे खाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या रांगेत. पद ऐकू येत नाही, हे ते मला न विचारता सांगतात.

हा दाखला फार ताणू नये. त्या वादकांनी लहानपणापासून रियाज केलेला असतो. आमची पोरं आयटीआयमधून येतात, केबल गुंडाळण्यापासून शिकतात; नुसती छडी फिरवून ती तयार होत नाहीत. आणि कंडक्टरला उधारी वसूल करावी लागत नाही. शिवाय न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा 1972 पासून कंडक्टरशिवायच वाजवतो. पुढाकार वादकांत आळीपाळीने फिरतो. म्हणून भजन स्पर्धांना मी जाणं बंद केलं. तिथे पुढे कोण, ते पोरं आपसांत ठरवतात. पैशाचा व्यवहार मात्र माझ्याकडेच ठेवलाय.

यंदा दिवाळीनंतरच्या जत्रांची कामं लागली आहेत. मोठ्या स्टेजचं सामान अजून भाड्यानेच आणतो. नवा डिजिटल मिक्सर घ्यावा असा पोरांचा हट्ट आहे. मागच्या दोन मंडळांचे पैसे आले की बघू.