प्रॉडक्शन, रिजेक्शन, रिमार्क

30 ऑगस्ट 2019, शुक्रवार

ही वही तशी कंपनीची. मे महिन्यात आमची तिसरी पाळी बंद झाली, तिच्या वाट्याची शिफ्ट रजिस्टरं कोरीच राहिली, त्यातलं एक मी घरी आणलं. पानावर रकाने छापलेले आहेत: मशीन नंबर, ऑपरेटर, प्रॉडक्शन, रिजेक्शन, रिमार्क. मे-जूनभर बायकोने त्यात आमच्या तान्ह्या लेकीच्या, ठकूच्या, दुधाच्या वेळा लिहिल्या. मशीन नंबरच्या रकान्यात 'डावी', 'उजवी'. रिजेक्शनमध्ये 'दोनदा ओकली'. उरलेली पानं आता माझी.

आज पोळा. दादांचा बार्शीहून फोन आला. बैल विकून चार वर्षं झाली, तरी मातीची जोडी पुजलीच. आमचीही आज सुट्टी. भोसरीत गुरुवार हा सुट्टीचा वार. या महिन्यात त्याला आधी बुधवार चिकटला, मग शुक्रवार. नोटीस बोर्डावर त्याला 'ब्लॉक क्लोजर' म्हणतात. पगार निम्मा.

संध्याकाळी टीव्हीवर आकडा आला: एप्रिल ते जून या तिमाहीत विकासदर 5 टक्के. सहा वर्षांत एवढा खाली गेला नव्हता. एक जण म्हणत होता ही मंदी नाही, नुसतं मंदावणं आहे. मी तेव्हा सहाणेवर गुटी उगाळत होतो. आईने फोनवर वेढे मोजून दिलेत: हळकुंड दोन, सुंठ एक, मुरडशेंग दोन, बाळहिरडा चार, जायफळ अर्धाच, नाहीतर पोर दिवसभर झोपेल. वेखंड फक्त टेकवायचं. खारीक-बदाम मात्र हात सैल सोडून. कारखान्यात एक दशांश मिलीमीटरवरून भांडणारा माणूस मी, पण 'अर्धा वेढा' कसा मोजतात ते मला पाच महिन्यांत कळलेलं नाही. ठकूने अर्धा चमचा गिळला, अर्धा माझ्या बनियनवर.

कुठे बोलायचं नाही म्हणून इथे लिहितो. शुक्रवारची सुट्टी जाहीर झाली तेव्हा गाळ्यात सगळ्यांचे चेहरे उतरले. मीही उतरवला. पण आतून मला बरं वाटलं होतं. ठकू उठते तेव्हा मी निघालेला असतो, मी येतो तेव्हा ती पेंगत असते. फेब्रुवारीत जन्मलेल्या पोरीला मी दिवसाउजेडी जेवढी पाहिली, त्यातली निम्मी या ऑगस्टात.

10 सप्टेंबर, मंगळवार

गौरींच्या दिवशी उष्टावण झालं. मुलीचं विषम महिन्यात करतात, म्हणून सातवा धरला. मामाने चांदीच्या वाटीतून खीर चाटवली, तिने ती वाटीच चावली. सासूबाईंना पेढे घरी करायचे होते, खव्याचा भाव ऐकून गप्प बसल्या आणि रव्याचे लाडू केले. कुणाचं काही बिघडलं नाही.

आज पेपरात ऑगस्टचे गाड्यांचे आकडे. देशात प्रवासी गाड्या विकल्या गेल्या 1,96,524, म्हणजे गेल्या ऑगस्टपेक्षा 31.57 टक्के कमी. 1997-98 पासून हे आकडे ठेवतात, तेव्हापासूनची सगळ्यात मोठी घसरण. आम्ही ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याला, लागणारा योक नावाचा जोडभाग मशीन करतो, आणि मोठ्या ट्रकांची विक्री तर निम्म्याहून जास्त पडली आहे.

टपरीवर जो तो कारण सांगतो. नोटाबंदी म्हणणारे आहेत, जीएसटी म्हणणारे आहेत, सगळे ओला-उबरने फिरतात म्हणून गाड्या खपत नाहीत असंही आता ऐकायला मिळतंय. तरुण पोरं ओलाने फिरतात हे खरं, पण सोळा टन सिमेंट ओलाने कोण नेतं? मला जे दिसतं ते असं. गेल्या वर्षी जुलैमध्ये सरकारने ट्रकवर किती भार घालायचा ती मर्यादा 20 ते 25 टक्क्यांनी वाढवली. पाच गाड्यांचा माल चार गाड्यांत बसायला लागला, तर पाचवी गाडी घ्यायची कशाला? त्यानंतर दोनच महिन्यांत आयएल अँड एफएस या मोठ्या वित्त कंपनीने कर्जाचे हप्ते बुडवले आणि ट्रकला कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांचे हात आखडले. त्यात पुढच्या एक एप्रिलपासून बीएस-सिक्स, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम. घेणारा म्हणतो थांबू, बनवणारा म्हणतो जुना स्टॉक आधी संपवू. आणि या सगळ्याचं शेपूट आमच्याकडे येतं ते महिन्याच्या शेड्यूलच्या, म्हणजे किती नग हवेत त्या मागणीच्या, एका ईमेलने. गेल्या सप्टेंबरला 9,000 नग होते. या महिन्यात 3,400, तेही 'टेंटेटिव्ह'.

संगणकावर चालणाऱ्या सात सीएनसी मशीनपैकी तीन चालू. बंद मशीनला गंज धरू नये म्हणून रोज अर्धा तास रिकामं फिरवतो. वीजबिलाचं शेठ काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांनाही ते बंद पाहवत नसणार.

शेठनी जाताना केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "यादी करा. सात जणांची."

13 सप्टेंबर, शुक्रवार

काल विसर्जन झालं. यादी आज दिली.

कंत्राटी पोरं अकरा आहेत. सातांचं 'काम थांबवायचं', म्हणजे कंत्राटदाराला फोन करायचा आणि सोमवारपासून गेटवर त्यांची नावं नसतील. काढून टाकलं असं कुठे लिहिलेलं नसतं. ज्यांना नीट सेटिंग येतं असे दोन ठेवले, एक जण तीन माणसांचं काम करतो म्हणून ठेवला. चौथ्या जागेसाठी दोघं होते. एक शेठच्या गावाकडचा. दुसरा नांदेडचा, बावीस-तेवीस वर्षांचा, हाताला साफ. त्याच्या मशीनवरचं रिजेक्शन महिन्यात दोन-तीन नगांवर जात नाही. त्याची बायको माहेरी आहे, बाळंतपण दिवाळीनंतर. हे मला माहीत आहे, कारण सोनोग्राफीच्या दिवशी तो मला विचारूनच अर्ध्या पाळीतून सुटला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बालूशाही.

मी यादी पुढे केली. शेठनी ती वाचली नाही, आधी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "खरं सांगू का, सुपरवायझर दोन परवडत नाहीत मला. कुलकर्ण्यांना मी सांगतोय दिवाळीपर्यंत बघून घ्या म्हणून. तुमचं लेकरू लहान आहे, तुम्हाला कसं सांगणार?"

त्या क्षणी बोलायला हवं होतं. साधं एक वाक्य होतं: शेठ, लेकराचंच बघायचं तर यादीतल्या पाचव्या नावाच्या घरीही येतंय. बोललो नाही. "हो, सात महिन्यांची होतेय," एवढंच बोललो. वर मोबाइलमधला फोटो दाखवला. शेठ म्हणाले, डोळे तुमच्यावर गेलेत.

पोरीचा फोटो दाखवून मी आज माझी खुर्ची वाचवली. रिजेक्शनच्या रकान्यात सात.

20 सप्टेंबर, शुक्रवार

कंपन्यांचा कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. सेन्सेक्स एका दिवसात 1,900 अंशांहून जास्त चढला. गाळ्यात एकाने शेठना पेढे मागितले. शेठ हसले. आमची आहे भागीदारी फर्म, तिला ही सवलत लागूच नाही. आणि कर द्यायला आधी नफा लागतो, हे त्यांनी पुढे हळूच जोडलं.

ठकू आज पालथी पडून मागे मागे सरकायला लागली. पुढे जायचा तिचा सगळा जोर मागे जाण्यात खर्च होतो. शेवटी कॉटखाली गेली आणि तिथून रडली. यावरून अर्थव्यवस्थेबद्दल काहीतरी सुचत होतं, पण बायको म्हणाली, "अहो, आधी तिला बाहेर काढा."

7 ऑक्टोबर, सोमवार

खंडेनवमी. सातही मशीन पुसली, हळद-कुंकू, झेंडूची माळ. बंद चार मशीनना जरा जास्तच फुलं गेली. कुलकर्णी आले होते, नेहमीसारखे नारळ त्यांनीच फोडला.

रिझर्व्ह बँकेने शुक्रवारी पुन्हा रेपो, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो व्याजदर, कापला. फेब्रुवारीपासून पाचव्यांदा, 6.50 वरून 5.15 वर. माझा घराचा हप्ता मात्र 14,200 होता तो 14,200च आहे. बँकेत विचारलं तर तिथली मुलगी म्हणाली, सर, तुमचं जुन्या पद्धतीचं कर्ज आहे, बदलायला फी लागेल. फी भरून व्याज किती वाचेल याचा हिशेब मांडला. मांडता मांडता ठकूने कॅल्क्युलेटरचं बटण दाबलं. तसंही फारसं वाचत नव्हतं.

मुंबईतल्या एका सहकारी बँकेतून आधी हजार रुपयांवर काढता येत नव्हते, आता पंचवीस हजार म्हणतात. ते वाचून बायकोने भिशीचे पैसे काढून डाळीच्या डब्यात ठेवले. तिची नोकरी ठकूच्या वेळी सुटली ती सुटलीच. 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, तिच्या कंत्राटाच्या कागदात नव्हती. तेव्हापासून कागदावर लिहिलेल्या पैशांवर तिचा विश्वास नाही. डबा उघडला की आता तूरडाळीचा वास येणाऱ्या नोटा निघतात.

26 ऑक्टोबर, शनिवार

बोनस निम्मा. मिठाईचा डबा मात्र दरवर्षीएवढाच. डायपरची पाकिटं बंद केली, फक्त रात्री एक. दिवसा लंगोट, जुन्या सुती साडीचे. सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी कुठे होते हे. खरं आहे, पण त्यांच्या वेळी धुवायला दुपारी अंगणभर ऊन होतं. आमच्या गॅलरीला सकाळी पाऊण तास ऊन आणि या वर्षी तर पाऊस दिवाळीतही हटेना. लंगोट इस्त्रीने वाळवतो. विजेचा हिशेब केला तर डायपर स्वस्त पडतील की काय, अशी मला शंका आहे. हिशेब करणार नाही.

कुलकर्णी काल शेवटचे आले. माप घ्यायचं व्हर्नियर माझ्या टेबलावर ठेवून गेले, म्हणाले शून्य बघून घ्या, थोडा पुढे दाखवतो.

21 नोव्हेंबर, गुरुवार

ठकूला नऊ महिने पूर्ण. महापालिकेच्या दवाखान्यात गोवर-रुबेला, उजव्या दंडावर. सोबत 'अ' जीवनसत्त्वाचं गोड औषध, तेवढं मिटक्या मारत प्यायली. सुरुवातीच्या लशी आम्ही खासगीत घेतल्या होत्या, न दुखणाऱ्या म्हणून. एका खेपेला तीन हजारांच्या वर. तिसऱ्या खेपेपासून इथे. लाज वाटली होती, मला, बायकोला नाही. रांगेत आमच्यापुढे सोसायटीतले दोघं निघाले, आम्ही एकमेकांना ओळखलं नाही असं दाखवलं आणि मग हसलो. सिस्टर भारी आहेत. सुई टोचेपर्यंत पोरांना त्यांच्या गळ्यातली किल्ली वाजवून दाखवतात, ठकू रडली तीसुद्धा उशिरा.

वजन 7 किलो 900. कार्डावरच्या आलेखात हिरव्या पट्ट्यात. सिस्टरनी ठिपका दिला आणि आधीच्या ठिपक्याला रेघ जोडली. रेघ वर जाते. मी कार्डाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. शेड्यूलचा आलेख असतो तर मुळीच टाकला नसता.

29 नोव्हेंबर, शुक्रवार

जुलै ते सप्टेंबरचा विकासदर आला, 4.5 टक्के. कांदा 80 रुपये. डिसेंबरचं शेड्यूल 3,900, टेंटेटिव्ह शब्द तसाच. पाचशे वाढले म्हणून शेठ खूश. सण संपल्यावर वाढले याचा अर्थ काय लावायचा ते कुणालाच कळलेलं नाही, पण चौथं मशीन आज दुपारी खरंच चालू केलं. कूलंटचा तो आंबूस वास इतक्या दिवसांनी आला, बरा वाटला.

रात्री फोन आला, नांदेडहून. मुलगी झाली. पाच दिवसांची आहे, आज पाचवी पुजली. मागे बायका बोलत होत्या, भांड्यांचे आवाज. "सर, तुम्हाला आधी सांगायचं होतं, पण रेंज नव्हती." मग जरा थांबून, "सर, काम निघालं का?"

"बघतो. कळवतो."

ही ऐकत होती. तिला यादीचं माहीत नाही. तिने लगेच कपाटाच्या खालच्या कप्प्यातून ठकूची लहान झालेली झबली-टोपडी काढली. नव्या बाळाला पहिलं नवं कापड घालत नाहीत, दुसऱ्या लेकराचं वापरून मऊ झालेलं घालतात, म्हणजे टोचत नाही. अकरा झबली, चार टोपडी, दोन दुपटी. एकाच्या गळ्यापाशी गुटीचा पिवळा डाग होता, तो तिने पुन्हा साबण लावून घासला, इस्त्री फिरवली. "किती चांगला मुलगा आहे हो तो," म्हणाली. "तुम्हीच ठेवलंत ना त्याला इतके दिवस."

मी पिशवी घेऊन नाशिक फाट्यावर गेलो. नांदेडची ट्रॅव्हल्स साडेदहाची. ड्रायव्हरने पार्सलचे शंभर सांगितले, मी दीडशे दिले, का ते त्याला समजलं नाही. पिशवीवर नाव आणि मोबाइल नंबर लिहायला पेन मागितलं. 'पाठवणार' या शब्दापुढे मी माझं नाव लिहिलं नाही, ठकूचं लिहिलं. मग ते खोडलं आणि माझं लिहिलं.

आता साडेबारा. दोघी झोपल्यात.

मशीन: चार चालू. प्रॉडक्शन: 168. रिजेक्शन: 3, शिवाय नाचणीचं खिमट, सगळंच. रिमार्क: सोमवारी शेठशी बोलायचं, पाचव्या नावाबद्दल.