आमची वाटचाल : दिवाणजींच्या टेबलावरून

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत एका जिन्यावरच्या खोलीत आम्ही सुरुवात केली, तेव्हा जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणून देणे एवढेच आमचे काम होते. ज्यांनी ते केले आहे त्यांना सांगायला नको, की जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलटे असते. या दोन अदलाबदली जोडाक्षरांतही बिनचूक करणारे आमचे वेबपान आजही रोज वापरात आहे.

खरी ओळख मिळाली ती मार्केट यार्डातल्या गुळाच्या पट्टीसाठी केलेल्या वेबपानामुळे. शेतकऱ्याचे किती रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, आले, वजन किती भरले, क्विंटलला काय दर निघाला, हमाली आणि तोलाई (तोलण्याची मजुरी) वजा जाऊन हातात किती पडले, एवढाच तो हिशेब. पण सौदे संपल्यावर पेढीचे हिशेबनीस, म्हणजे दिवाणजी, तो एका बैठकीत भरतात, समोर शेतकरी उभा असतो आणि मधेच इंटरनेट जाते. पहिल्या हंगामात एका अडत्यांच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या पेढीवर चाळीस ओळी भरून झाल्यावर पान ताजे (रिफ्रेश) झाले आणि सगळे पुसले गेले. दिवाणजी एवढेच म्हणाले, "लिहिलेलं पुसतंय म्हणजे वही फाडल्यासारखंच की." त्या रात्रीपासून आमच्या पानावरची प्रत्येक ओळ भरताक्षणी ब्राउझरच्याच साठ्यात ठेवली जाते, आणि इंटरनेट परतले की आपोआप सर्व्हरवर जाते.

दुसरा धडा अंकांचा. दिवाणजींचा कीबोर्ड मराठीवर असे, त्यामुळे दर "४,२००" असा पडे. जावास्क्रिप्टला, म्हणजे वेबपान ज्या भाषेत चालते तिला, देवनागरी अंक संख्या म्हणून कळत नाहीत. इंग्रजी अंक असले तरी स्वल्पविरामापाशी वाचन थांबते आणि बेचाळीसशेचे नुसते चार उरतात. म्हणून आम्ही आधी अंक बदलतो, स्वल्पविराम काढतो, आणि मगच गुणाकाराला हात लावतो.

२०१८ साली, दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताचे सौदे तोंडावर आले असताना, बाहेरगावच्या एका मोठ्या कंपनीने यार्डात पहिले वर्ष फुकट असे सांगून आमच्याच पट्टीसारखे पान आणले. सारखे म्हणतो तेही कमीच आहे, कारण आमच्या पानावर "तोलाई"ऐवजी चुकून राहून गेलेले "तोळाई" त्यांच्याही पानावर जसेच्या तसे होते. मी यार्डात पेढी पेढी फिरून ते दाखवले. लोक ऐकून घेत, चहा पाजत आणि फुकटच्या पानाकडे वळत. एकतीस पेढ्यांपैकी बावीस दोन महिन्यांत गेल्या. आमच्याकडच्या दोन मुलांचा पगार देण्यासाठी मी मोटारसायकल विकली. त्या बावीस जणांपैकी ज्यांच्या पेढीवर मी सुट्टीच्या दिवशीही जाऊन प्रिंटर लावून दिले होते, त्यांनी निदान एक फोन करून सांगायला हवे होते, असे मला अजूनही वाटते.

अण्णांनी मात्र पुढच्या सबंध वर्षाचे पैसे पाकिटात घालून दिले आणि म्हणाले, "दादा, आमच्या दिवाणजीला दुसरं पान नको. तो नको म्हणतोय, मग मी कशाला बदलू?" त्यांनी माझ्यावर दया केली नव्हती, त्यांनी दिवाणजींचा शब्द मानला होता, आणि म्हणूनच मला ते पाकीट जास्त मोलाचे वाटले. हंगाम ऐन भरात आला तेव्हा त्या नकललेल्या पानाने मराठी अंक नाकारायला आणि ओळी गमवायला सुरुवात केली. आमच्या पानाचे रूप उचलता आले, पण त्यामागचे हे दोन धडे पडद्यावर दिसत नव्हते. चौदा पेढ्या परत आल्या. त्यांच्याकडून मी जुनाच दर घेतला, एक रुपयाही वाढवला नाही.

त्यानंतरची वर्षे नीट गेली.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी सांगेन, की पान पेढीच्या मालकाला दाखवून मंजूर करून घेऊ नका. वेबपाने वापरायला सोपी कशी करावीत याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिले होते, की पाच माणसांकडून वापरून पाहिले तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. आमचा अनुभवही तोच आहे, मात्र ती पाच माणसे दिवाणजी असली पाहिजेत आणि तुमचा हात माऊसवर असता कामा नये. एंटर दाबला की पुढच्या चौकटीत जाता यावे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक वेबच्या प्रमाणाप्रमाणे किमान ४.५ ला १ ठेवा, कारण गोदामातल्या उजेडात फिके करडे अक्षर पन्नाशीच्या डोळ्यांना दिसत नाही. बटणावर "सबमिट" न लिहिता "पट्टी ठेवा" लिहा.

यंदा दिवाणजींनी मागणी केली आहे, की रव्यांचे वजन नुसते बोलून भरता यावे. बंद खोलीत ते आम्हाला जमते, पण तोलणीच्या गलक्यात "साडे" आणि "सव्वा" यांची अजून गल्लत होते. म्हणून सध्या रोज सकाळी आमच्याकडचा एक मुलगा फोन घेऊन काट्याशेजारी उभा राहतो.