टू-व्हील थार नंतर फोर बाय फोर करता येते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांवर चालणारी (टू-व्हील) महिंद्रा थार आली आणि तेव्हापासून हा प्रश्न थांबलेला नाही. आत्ता टू-व्हील घेतो, पैसे साठले की फोर बाय फोर करून द्याल का? ‘नको’ म्हटलं की समोरच्याला वाटतं, याला काम येत नाही किंवा अंगावर घ्यायचं नाही. तसं नाही. कारणं फोनवर सांगून संपत नाहीत, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

आधी थारपुरतं. टू-व्हीलचं डिझेल इंजिन १.५ लिटरचं, फोर बाय फोरचं २.२ लिटरचं. इंजिनच वेगळं, त्यामुळे एकाचा गिअरबॉक्स दुसऱ्याला सरळ बसेल हे धरून चालता येत नाही. ट्रान्स्फर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी, जोडायला गिअरबॉक्सचं मागचं तोंड तसं लागतं, मेनशाफ्टची (गिअरबॉक्समधल्या मुख्य दांड्याची) लांबी आणि स्प्लाइन (त्यावरच्या खाचा) तशी लागते. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र, म्हणजे डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) चॅसिसला टांगायचं. त्याला ब्रॅकेट हवेत, आणि नकल-हबमधून (चाक वळवणारा सांधा आणि चाकाचा मध्य) शाफ्ट आरपार जायला वाट हवी. वर एबीएस-ईएसपीच्या कॉम्प्युटरला गाडी फोर-लोमध्ये (चारही चाकं जोडलेली, वेग कमी, ताकद जास्त) आहे हे कळलं पाहिजे. नाहीतर चिखलात चाक फिरलं की तो ब्रेक लावून ताकद कापत बसणार. एवढं जमवण्यात जाणारा पैसा आणि दोन गाड्यांच्या किमतीतला फरक शेजारी मांडून बघा. टू-व्हील विका आणि फोर बाय फोर घ्या. यावर माझं मत ठाम आहे.

खरा वाद जुन्या जीपचा. कमांडर, थार डीआय, म्हणजे पुढे सरळ दांडा (अखंड अ‍ॅक्सल) आणि पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाड्या. इथे काम होऊ शकतं, कारण त्याच घडणीवर कंपनीने स्वतः फोर-व्हील विकलेली आहे. पण ‘पुढचं हाउसिंग (डिफरन्शिअलसकट अ‍ॅक्सल) टाकलं की झालं’ हे ऐकलं की मला राहवत नाही. ट्रान्स्फर केस, त्याला चालणारा मेनशाफ्ट, पुढचं हाउसिंग नकल आणि हबसकट, पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसपासून हाउसिंगपर्यंत ताकद नेणारा दांडा), कापून बॅलन्स केलेला मागचा शाफ्ट, क्रॉसमेंबर, दोन लिव्हर, पुढे जास्त वजन पेलणारे पाटे, नवे ब्रेक होज, वळवून घेतलेला सायलेन्सर पाइप. यातलं एकही टाळता येत नाही. आणि हे सगळं आणूनही गाडी बिघडते ती एका आकड्यामुळे. तो आकडा क्राउन-पिनियनचा, म्हणजे हाउसिंगमधल्या मोठ्या-लहान गिअरच्या दातांचा रेशो.

एक कमांडर दुसरीकडे फोर-व्हील करून घेतलेली होती. काम दिसायला स्वच्छ, वेल्डिंग चांगलं, रंगही नवा. तक्रार अशी: फोर-व्हील टाकली की गाडी अडते, झटके देते, लिव्हर बाहेर येत नाही. या जीपना मधलं डिफरन्शिअल नसतं. फोर-व्हील टाकली की पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगाने बांधला जातो, त्यामुळे डांबरावर वळताना ताण येणारच. कच्च्यावर चाक थोडं घसरून तो सुटतो. ही गाडी मात्र सरळ रस्त्यावरही ताणत होती. मागे घेतली की क्षणभर लिव्हर सुटायची, थोडं अंतर गेलं की पुन्हा जाम. हे लक्षण ओळखून ठेवा.

तपासणी कोणालाही करता येते. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, फोर-व्हील सुटी, फ्री हब (पुढची चाकं शाफ्टपासून सुटी करणारे हब) असतील तर लॉक. एक चाक जमिनीवर ठेवायचं, त्याच हाउसिंगचं दुसरं जॅकवर उचलायचं, आणि जमिनीवरच्या चाकांना पुढूनमागून दगड लावायचे. हॅंडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर असेल तर तो सोडलेला हवा. पिनियनच्या योकवर (प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो त्या तोंडावर) खडूने रेघ मारायची. उचललेलं चाक बरोबर १० फेरे हाताने फिरवायचं आणि योकचे फेरे मोजायचे. एकच चाक फिरतंय म्हणून योकचे फेरे रेशोच्या पाचपट येतात. त्या गाडीत मागे २१ आणि एक तृतीयांशाच्या जरा वर आले, पुढे २४ आणि एक तृतीयांशाच्या जरा वर. म्हणजे मागे ४.२७, पुढे ४.८८. कव्हर उघडल्यावर दातही तेच सांगतात: ४७ ला ११ आणि ३९ ला ८. भंगारातलं हाउसिंग, त्यावरचा पत्र्याचा टॅग कधीच गेलेला, ‘सेमच आहे’ म्हणून विकलेलं.

याचा अर्थ नीट बघा. मागची चाकं १०० मीटर जातात तेव्हा पुढची साडेसत्याऐंशी मीटर जाण्याइतकीच फिरतात. उरलेले साडेबारा मीटर ती फरफटत जातात. पुढची चाकं गाडी ओढत नाहीत, ब्रेक लावतात, आणि तो सगळा ताण दोन शाफ्ट, जॉइंट क्रॉस आणि ट्रान्स्फर केसच्या दातांत फिरत राहतो.

इथवर नुकसान पैशाचंच होतं. पण फोर-लोमध्ये झटके बसतात म्हणून मालकाला कोणीतरी तोडगा सांगितला होता. डाना १८ ट्रान्स्फर केसमध्ये (त्या गाडीत हीच होती) दोन शिफ्ट रॉडच्या मध्ये एक छोटी पिल (गोळीसारखा तुकडा) असते. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडू नये, एवढंच तिचं काम. ती पिल काढून टाकली, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर लो. लो सुमारे २.४६ पट. ती सगळी ताकद एकट्या मागच्या हाउसिंगवर, आणि ते टू-व्हीलच्या हिशेबाने आलेलं.

चढावर मागचा एक हाफशाफ्ट (डिफरन्शिअलपासून एका चाकापर्यंतचा दांडा) तुटला. अशा वेळी काय होतं ते शांतपणे वाचा. एका बाजूचा हाफशाफ्ट तुटला की डिफरन्शिअल मोकळं फिरतं. इंजिनचा अडसर गेला. त्या गाडीचा हॅंडब्रेक चाकांवर नव्हता, ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावरच्या ड्रमवर होता. तो प्रोपेलर शाफ्ट धरतो, आणि शाफ्ट धरूनही चाकं मोकळीच. पुढची चाकं जोडलेली असती तर तोच ड्रम पुढच्या शाफ्टमार्गे गाडी रोखू शकला असता. ती जोडलेली नव्हती, कारण पिल काढली होती. पायाच्या ब्रेकवर गाडी मागे सरकत बांधाला टेकली. कोणाला लागलं नाही. ब्रेकचा एक होज ताणलेला असता तर काय झालं असतं, हे लिहायची गरज नाही.

यावर उपाय दोनच. पुढे ४.२७ चा क्राउन-पिनियन बसवणं किंवा मागे ४.८८ चा. मागे बदलला तर त्याच वेगाला इंजिन सुमारे १४ टक्के जास्त फिरतं, आणि ट्रान्स्फर केसवरून चालणारा स्पीडोमीटर खोटं सांगतो. पुढचा बदलणं बरं. पण शिम (पातळ पट्ट्या) घालून बॅकलॅश (दातांमधली सैल जागा) साधारण ०.१५ ते ०.२५ मि.मी. मध्ये आणायचा, पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) बघायचा, दातांना पेस्ट लावून ठसा मधोमध येतोय का ते पाहायचं. डायल गेज नसलेल्या ठिकाणी हे काम देऊ नका.

बाकीच्या चुका लहान वाटतात, पण गाडी उभी करतात. डाना १८ ची मागची बाजू उजवीकडे सरकलेली असते. टू-व्हीलचं मागचं डिफरन्शिअल मधोमध असेल तर शाफ्ट तिरका जातो आणि जॉइंट क्रॉस झिजवतो. ट्रान्स्फर केसमुळे मागचा शाफ्ट आखूड होतो, कोन वाढतो. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत नसतील तर थरथर ठरलेली. चाकं पूर्ण लोंबू देऊन स्लिप जॉइंट (शाफ्टचा लांब-आखूड होणारा सांधा) निसटत नाही ना, आणि पाटे पूर्ण दाबून तो आत ठेचत नाही ना, हे दोन्ही बघा. पाटे दाबल्यावर पुढचं हाउसिंग इंजिनच्या खालच्या ऑइल संपला (तेलाच्या भांड्याला) लागतं का, तेही. नकलचे स्टॉप बोल्ट लावा, नाहीतर पूर्ण वळणावर आतला जॉइंट अडतो. हाउसिंगच्या ब्रीदरला (हवा जायच्या भोकाला) नळी लावून ती वर बॉनेटखाली न्या. गरम हाउसिंग ओढ्यात बुडालं की आत पाणी ओढतं आणि तेल चहासारखं होतं.

पूर्वी मी म्हणायचो, पाट्याची गाडी असेल तर बेधडक करा. आज म्हणतो, आधी मागे चांगला लॉकर (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारं साधन) टाका, मड टायर घ्या, चिखलात हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा. पावसाळ्यातल्या सह्याद्रीच्या बहुतेक वाटा तेवढ्यावर होतात. तरी आधीचं म्हणणं मला पूर्ण सोडवत नाही. निसरड्या उतारावर लॉकर मागचं बूड आडवं टाकतो, आणि सावकाश उतरायला लो नसेल तर सगळा भार ब्रेकवर येतो. त्या जागी टू-व्हीलचा कोणताही उपाय मला पटलेला नाही.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२, आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. या कामात गाडीचं रिकामं वजन बदलतं, आणि ते आरसी बुकात लिहिलेलं असतं. अपघातानंतर विमा कंपनी याच जागी बोट ठेवू शकते. ‘सगळेच करतात’ हे उत्तर मला देऊ नका. काम हवंच असेल तर आधी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा, आणि ते कागद घेऊन या. त्यानंतरही गाडी पाट्याची असेल आणि दोन्ही हाउसिंगचा रेशो एकच निघाला, तरच पुढचं बोलू.