आईचे तळपाय आणि काशाची वाटी
आज रात्री आईच्या तळपायांना साजूक तूप लावून काशाची वाटी फिरवत असताना, दिवसभर ओट्यापाशी उभे राहून ताठरलेल्या तिच्या पोटऱ्या हळूहळू सैल होत गेल्या आणि बोलता बोलताच तिला गाढ झोप लागली. तांबे व कथील यांच्या मिश्रधातूची ही जड, गुळगुळीत वाटी माझ्या आजीची आहे. तूप काळे पडले की अंगातील उष्णता निघाली, असे आजी म्हणत असे. तो काळेपणा धातूच्या घर्षणाचा असतो असे मला वाटते, परंतु मिळणारा आराम खरा आहे. डोके, कान आणि पाय यांना विशेषत्वाने अभ्यंग, म्हणजे तेलाचे मर्दन, करावा, असे आयुर्वेदाचे प्राचीन ग्रंथकार वाग्भट यांनी सांगितले आहे, तरी आपण तेल केवळ दिवाळीपुरतेच काढतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. उद्या वडिलांचे पाय चोळायचे आहेत.