सुगीचा रिकॉल (हाकेला परत येणं) : नोव्हेंबर ते फेब्रुवारी

९ नोव्हेंबर

काल नाशिकजवळ मखमलाबादला मैत्रिणीच्या द्राक्षबागेत सुगीला मोकळं सोडलं आणि ती दोन तास चाळीस मिनिटं हाती लागली नाही.

सुगी माझी कुत्री आहे, कारवानी या वेगवान शिकारी जातीची, आईबाप दोन्ही उदगीरकडचे, वय आठ महिने. ज्यांनी ही जात पाळलीय त्यांना पुढचं सांगायला नको. बांधाच्या गवतातून ससा उठला, एक उडी दिसली आणि ही गेली. मी "सुगी, ये! सुगी, ये!" करत तीन बागा ओलांडल्या. दोनदा ती दिसलीही, दोन ओळींपलीकडे, जीभ बाहेर काढून माझ्याकडेच बघत होती. मी पाऊल पुढे टाकलं की ती दहा पावलं मागे. सहाला अंधारून आलं. त्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे आणि बिबट्याला कुत्रं किती आवडतं हे आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात मोजून झालेलं आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनानं ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला होता. हा आकडा मी पूर्वी कुठेतरी वाचून विसरले होते. काल अंधारात तो आठवला आणि हातपाय गार पडले.

शेवटी मैत्रिणीचे सासरे, अण्णा, आले. त्यांनी मला गप्प बसवलं, बॅटरी विझवायला लावली, स्वतः बांधावर पाठ करून बसले आणि हळू आवाजात "यू यू यू" करत भाकरीचा तुकडा मोडायला लागले. पाच मिनिटांत सुगी त्यांच्या मांडीपाशी होती. मी साखळी घेऊन धावले तर ती पुन्हा उठली. अण्णांनीच तिच्या मानेवर हात ठेवला.

"तुम्ही बोलवता तेव्हा तिला काय मिळतं हो?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. "साखळीच ना?" म्हणाले. "मग ती कशाला येईल?"

१२ नोव्हेंबर

तीन दिवस घरात स्वतःवर नजर ठेवली. "ये" हा शब्द मी कधी कधी वापरते ते कागदावर मांडलं. आंघोळीसाठी. नखं कापायला. गोचिड्या काढायला. सोफ्यावरून उतरवताना. मैदानावरून घरी निघताना. गॅलरीत भुंकणं थांबवायला. जेवण द्यायला मात्र मी "ये" म्हणतच नाही, ताटलीचा आवाज झाला की ती स्वतः येते. म्हणजे आठ महिन्यांत मी तिला फार नीट शिकवलंय की "ये" म्हणजे मजा संपली. शब्द बिघडलाय, कुत्री नाही.

आणखी एक गोष्ट. पाचव्या महिन्यात ही पोरगी गच्चीच्या या टोकावरून त्या टोकाला हाकेसरशी यायची. मला वाटलं होतं रिकॉल झाला. कुत्र्यांच्या वागणुकीच्या अभ्यासक लुसी आशर यांच्या गटाचा २०२० सालचा अभ्यास पुन्हा वाचला: आठ महिन्यांच्या वयात कुत्री आपल्या माणसाचं ऐकेनाशी होतात आणि परक्याचं मात्र पूर्वीपेक्षा बरं ऐकतात. त्यातली कुत्री लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड आणि त्यांच्या संकराची होती, कारवानी नव्हती. तरी ती अण्णांकडे गेली आणि माझ्याकडे आली नाही, याचा थोडा उलगडा झाला. ते वय सरतं. पण सरेपर्यंत आपण त्या वयात काय पेरतो ते राहतं, म्हणून वाट बघत बसणार नाही.

१५ नोव्हेंबर

"ये" बंद. घरात सगळ्यांना सांगितलं, मुलालाही. नवी खूण: शिट्टी.

शिट्टीच का, तर माझ्या आवाजात भीती आणि राग लगेच उतरतो आणि तिला तो शंभर पावलांवरून कळतो. शिट्टीत तो उतरत नाही. मी वाजवली, मुलानं वाजवली, सूर तोच. आतला मणी नसलेली, ठरावीक सुराची घेतली, म्हणजे हरवली तर त्याच सुराची दुसरी मिळते. माणसाला ऐकूच न येणारी घ्यायची नव्हती. कुत्र्याला आपल्या दुप्पट वरचा सूर ऐकू येतो हे खरं, पण मग शिट्टी वाजली की नाही हे मलाच कळणार नाही.

पहिल्याच रात्री अडचण आली. सोसायटीचा वॉचमन दर तासाला शिट्टी मारतो. म्हणून नमुना पक्का केला: तीन तुटक, भराभर. त्याची एक लांब असते. दोन दिवसांत तिला फरक कळला, वॉचमनच्या शिट्टीला कानही हलवत नाही.

या आठवड्यात तिला बोलवायचंच नाही. ती शेजारी असताना तीन तुटक शिट्ट्या, आणि शिट्टी थांबल्यावर लगेच तोंडात बकऱ्याची कलेजी. उकडून, हरभऱ्याएवढे तुकडे करून, मंद आचेवर कोरडी केलेली. दिवसाला बारा-पंधरा वेळा. क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग हात खिशात. माझा हात पहिले दोन दिवस आधीच खिशाकडे जात होता आणि ती शिट्टी न ऐकता खिसा बघत होती. मुलानं व्हिडिओ काढला तेव्हा कळलं. सुकटही वापरून पाहिली, वेडी होते तिच्यासाठी, पण मीठ फार. दोनदा धुऊन, वाळवून, क्वचितच.

२४ नोव्हेंबर

स्वयंपाकघरातून हॉल, हॉलमधून जिना, मग गच्ची, मग पार्किंग. ५२ शिट्ट्यांपैकी ५१ वेळा आली. यात मोठं काही नाही, पुढे जाते.

३० नोव्हेंबर

लाँग लाइन, म्हणजे सरावासाठीची लांब दोरी. रविवार कारंजाच्या बाजूला बॅगांचं सामान मिळतं तिथून नायलॉनची रुंद पट्टी दहा मीटर घेतली, एका टोकाला फिरकीचा हूक शिवून घेतला. दुसऱ्या टोकाला फास ठेवला नाही, तो झुडपात अडकतो.

दोन चुका केल्या, तुम्ही करू नका. पहिल्या दिवशी लाइन गळ्याच्या पट्ट्याला लावली. कारवानी तीन ढांगांत पूर्ण वेगात असते. दहा मीटर संपले, ती हवेत वळली आणि किंचाळली. मान बारीक, कातडी पातळ. डॉक्टरांनी तपासलं, सुदैवानं काही झालेलं नाही. त्या दिवसापासून लाइन फक्त हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला. दुसरी चूक म्हणजे पट्टी उघड्या हातात धरली. तळवा सोलला. आता जाड हातमोजे, आणि पट्टी मनगटाला कधीच गुंडाळत नाही.

जागा: अण्णांच्या बागेशेजारचं पडीक शेत, त्यांच्या परवानगीनं, सकाळी सात ते साडेआठ. संध्याकाळी तिकडे जाणं बंद केलं. फवारणीच्या दिवशीही नाही. डाऊनी आणि भुरी या द्राक्षावरच्या रोगांसाठी या दिवसांत सारखी औषधं मारावी लागतात, म्हणून आदल्या रात्री अण्णांना फोन करून विचारते. गावात, रस्त्यावर, जॉगिंग ट्रॅकवर साखळी सुटत नाही, हा नियम रिकॉल कितीही चांगला झाला तरी राहील. समोरचा माणूस कुत्र्याला घाबरत असू शकतो.

शिट्टी एकदाच. आली नाही तर दुसरी नाही. लाइन हळूच आवळत मी तिच्यापर्यंत जाते, नाकासमोर कलेजी धरून उलट्या पावलांनी पळते, आणि पुढच्या वेळी निम्म्या अंतरावरून वाजवते. दहा शिट्ट्या मारून अकराव्या वेळी आली तर ती अकरावीच शिकते.

१४ डिसेंबर

ही नोंद जरा लांबेल, कारण मी इथे सर्वात जास्त अडले.

शिट्टीला सुगी येते. भरधाव येते, बघून डोळ्यांत पाणी यावं अशी. आणि माझ्यापासून तीन फुटांवर थांबते. पुढचे पाय टेकवून, शेपटी वर. मी हात पुढे केला की बाजूला उडी. कलेजी फेकली तर खाते आणि पुन्हा तीन फूट. माझ्या नोंदीत हे सगळं "आली" म्हणून धरलेलं होतं, म्हणून आकडे छान दिसत होते. पण रस्त्यावर गाडी येत असताना तीन फुटांवर नाचणारं कुत्रं आलेलं नसतं.

कारण तेच, फक्त जागा बदलली. शब्द बिघडला होता तसा माझा हातही बिघडला होता. हात पट्ट्याकडे गेला की साखळी लागते आणि बाग संपते, हे तिला पाठ आहे. म्हणून घरी बसून नव्यानं सुरुवात केली. ती शेजारी पडलेली असताना एक बोट पट्ट्याला लावायचं, मग कलेजी. हात आधी, खाऊ नंतर. उलटं केलं तर खाऊ हे आमिष होतं आणि ती मान ताणून, अंग मागे ठेवून घेते. मग दोन बोटं. मग पट्टा मुठीत, एक क्षण. मग मुठीत धरून दोन पावलं. डाव्या हातानं वेगळं, उजव्यानं वेगळं, उभ्यानं वेगळं. वरून डोक्यावर हात नेला की ती दबते, हनुवटीखालून नेला तर दबत नाही. हे मला आठ महिन्यांत कळलं नव्हतं.

शेतात कलेजी फेकणं बंद केलं. हात माझ्या गुडघ्याला चिकटवून, मी तिच्याकडे अर्धी पाठ करून उभी राहते. ती आत येते, मी पट्टा धरते, खाऊ देते, आणि सोडून देते. "जा!" हे सोडणंच औषध ठरलं. दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा पट्टा धरून पुन्हा मोकळी. दहावी वेळ घरी जायची, आणि तीही शिट्टीनंतर लगेच नाही: आधी पाच मिनिटं बांधावर बसायचं, भाकरी खायची, मग साखळी. आजपासून नोंदीत "आली" म्हणजे पट्टा हातात. त्या मापानं गेल्या आठवड्यात ४० पैकी १७. या आठवड्यात ४० पैकी ३१.

५ जानेवारी

लांडोरी. सहा-सात जणी बांधावरून चालल्या होत्या. शिट्टी वाजवली, सुगी वळली, आली, पट्टा धरू दिला आणि कलेजीकडे तोंडही केलं नाही. तोंडाशी धरली तर ओठ मिटून पलीकडे बघत राहिली. पुढच्या शिट्टीला आली नाही. बरोबरच आहे, मी तिला जे दिलं ते तिला त्या क्षणी नको होतं.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक यांनी १९५९ साली मांडलेलं सूत्र इथे उपयोगी पडलं: प्राणी जी गोष्ट आपणहून जास्त करतो, ती तो कमी करतो त्या गोष्टीचं बक्षीस होऊ शकते. कारवानी आपणहून काय करते? पाठलाग. मग बक्षीस पाठलागच हवा. लांडोरींचा नाही, अर्थात. पाच फुटी बांबू, त्याला दोरी, दोरीला जुन्या ब्लँकेटचं फडकं. शिट्टी, पट्टा, "जा!" आणि फडकं जमिनीवरून सशासारखं वेडंवाकडं पळतं. दर वेळी शेवटी तिला ते पकडू देते. एका वेळी दोन-तीन मिनिटंच, या वयात गरगर वळण्यानं सांध्यांवर ताण येतो. चौथ्या दिवशी लांडोरी दिसल्यावर तिनं आधी माझ्या हातातल्या बांबूकडे पाहिलं.

२६ जानेवारी

लवकर छाटणी झालेल्या बागांत काढणी सुरू झाली. ओळींखाली गळलेले मणी पडलेत. नवख्यांसाठी मुद्दाम लिहिते: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. यामागे द्राक्षातलं टार्टरिक आम्ल असावं असं आता मानतात. किती खाल्ली तर चालतील असा सुरक्षित आकडा नाही, म्हणून खाल्ल्याचं दिसलं तर उलटीची वाट न बघता थेट डॉक्टर. नाशिकमध्ये राहून हे माहीत नसलेली खूप माणसं मला भेटली आहेत. प्रेमानं घड पुढे करतात. काढणी संपेपर्यंत बागेच्या ओळी आम्हाला बंद, फक्त पडीक शेत, आणि लाइन लावलेलीच.

लाइन आता जमिनीवर सोडलेली असते, हातात नाही. पट्टा हातात या मापानं ४० पैकी ३७.

८ फेब्रुवारी

ससा. लाइन नव्हती, आज पहिल्यांदाच काढली होती. शिट्टी मारली तेव्हा ती चाळीस पावलं पुढे, पूर्ण वेगात. ऐकू गेली नसावी, किंवा गेली असेल आणि उपयोग झाला नसेल. मी पुन्हा वाजवली नाही, जागेवर बसले, पाठ केली. घड्याळ बघत राहिले. चार मिनिटांनी धापा टाकत आली, स्वतः येऊन गुडघ्याला टेकली. मी पट्टा धरला आणि खिशातली सगळी कलेजी दिली. बोलले काहीच नाही. आठ नोव्हेंबरला दोन तास चाळीस मिनिटं लागली होती.

लाइन पुन्हा लावली.

२२ फेब्रुवारी

दोन आठवडे एकच गोष्ट पाहिली: पळण्याआधीचा क्षण. ही आधी थिजते. पुढचा एक पाय वर, कान ताठ, पाठीचा कणा लांबतो. सेकंदभर, कधी त्याहून कमी. शिट्टी तिथे मारायची. धावायला लागल्यावर मारलेली शिट्टी वाया जाते आणि वर शिट्टीचं वजनही कमी करते. बांबूच्या फडक्यावर हाच सराव केला: फडकं लांब पडलेलं, ती थिजली की शिट्टी, आली की फडकं जिवंत.

आज सकाळी लाइन जमिनीवर होती. बाभळीखालून ससा निघाला. सुगीचा पाय उचलला गेला. मी वाजवली. तिची मान सशाकडे आणि अंग माझ्याकडे, असं तिरकं होऊन ती दोन पावलं गेली, मग सगळीच वळली. पट्टा हातात आला तेव्हा तिचं काळीज माझ्या बोटांना लागत होतं. बांबूवर तिला पूर्ण तीन मिनिटं पळवलं.

अण्णा पलीकडे क्रेट मोजत उभे होते. "आली की हो," म्हणाले आणि पुन्हा मोजायला लागले.

एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत (काढणीनंतरची छाटणी) लाइन काढणार नाही. कालच त्याच सुराची दुसरी शिट्टी आणून मुलासाठी दोरीत ओवली. पुढची नोंद त्याच्या हातच्या शिट्टीची.